स्टेम सेल्सपासून ब्रेन ऑर्गनॉइड: पहिल्या दिवसापासून सेक्शनपर्यंत, स्टेप बाय स्टेप

ब्रेन ऑर्गनॉइडचं, म्हणजे स्टेम सेल्सपासून डिशमध्ये वाढवलेल्या मेंदूच्या ऊतीसारख्या छोट्या गोळ्यांचं, काम नव्याने सुरू करणाऱ्यांना बहुतेक वेळा वाटतं की अवघड भाग म्हणजे शेकरवर महिनोन्महिने ते गोळे जिवंत ठेवणं. तसं नाहीये. पहिल्या दहा-बारा दिवसांत काय तयार झालं आणि त्यातलं तुम्ही काय फेकून दिलंत यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं, आणि काय फेकायचं हे ओळखायला नजर लागते, ती रोज मायक्रोस्कोपखाली बघूनच येते. म्हणून इथे मी सुरुवातीच्या दिवसांवरच जास्त बोलणार आहे आणि नंतरचं जरा भरभर सांगणार आहे. ज्यांना सेल कल्चर येतं पण ऑर्गनॉइड कधी केले नाहीत अशा एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींसाठी हे आहे.

मी जी पद्धत सांगतोय ती मुळात व्हिएन्नाच्या इम्बा या संस्थेतली. मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिश यांच्या गटाने २०१३ मध्ये ती नेचरमध्ये मांडली आणि २०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये पायरी-पायरीने लिहून दिली. त्याच्याही आधी जपानमध्ये कोबेच्या रिकेन संस्थेत योशिकी ससाई यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं होतं की स्टेम सेल्सचा गोळा तरंगत ठेवला तर त्या आपोआप कॉर्टेक्ससारख्या थरात मांडल्या जातात. व्हिएन्नावाल्यांनी त्यात दोन मोठ्या गोष्टी घातल्या, एक म्हणजे मॅट्रिजेल या जेलचा आधार आणि दुसरं म्हणजे मीडिया सतत हलतं ठेवणं, आणि बाहेरून ग्रोथ फॅक्टर जवळजवळ काही दिलेच नाहीत.

हे सगळं कशासाठी करायचं हे आधी डोक्यात स्पष्ट हवं, नाहीतर नुसते गोळे वाढवून हाती काही लागत नाही. माणसाच्या मेंदूच्या वाढीतल्या बऱ्याच गोष्टी उंदरात नीट दिसत नाहीत. २०१३ च्या त्या पेपरमध्येच सीडीके५आरएपी२ या जीनमध्ये बिघाड असलेल्या मायक्रोसेफलीच्या, म्हणजे मेंदू फार लहान राहण्याच्या आजाराच्या, पेशंटच्या सेल्सपासून ऑर्गनॉइड केले होते, ते लहान राहिले, कारण प्रोजेनिटर सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे न्यूरॉन बनतात त्या, पुरेशा वाढण्याआधीच न्यूरॉन बनायला लागल्या होत्या. हाच जीन बिघडवलेल्या उंदरात मेंदू इतका लहान होत नव्हता. २०१६ मध्ये ब्राझीलमधली झिकाची साथ गाजत असताना ऑर्गनॉइडमध्येच दिसलं की व्हायरस मुख्यतः न्यूरल प्रोजेनिटर सेल्सना धरतो आणि त्या मरतात. हा विषय आपल्यापासून लांबचाही नाही, २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिकाचा पेशंट सापडला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात गरोदर बायकांमध्येही केसेस निघाल्या.

आधी कागदपत्रं

सेल्सची व्हायल हातात यायच्या आधी परवानगी. आपल्याकडे आयसीएमआर आणि डीबीटीची स्टेम सेल रिसर्चची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ ची आवृत्ती, आणि त्याप्रमाणे तुमच्या संस्थेच्या स्टेम सेल समितीकडे, म्हणजे ज्याला सगळे आयसी-एससीआर म्हणतात, तिच्याकडे प्रस्ताव जावा लागतो. पेशंटच्या रक्तापासून किंवा त्वचेपासून नवी लाइन बनवणार असाल तर एथिक्स कमिटी आणि डोनरची लेखी संमती पण. या संमतीपत्राबद्दल मला मनापासून सांगायचंय. ते डोनरला कळणाऱ्या भाषेत असायला हवं, आणि त्यात नुसतं "संशोधनासाठी वापर" असं मोघम न लिहिता, तुमच्या सेल्सपासून मेंदूच्या ऊतीसारखा गोळा वाढवला जाईल, त्याचे जीन वाचले जातील, कदाचित दुसऱ्या लॅबला दिले जातील, असं साध्या मराठीत लिहा आणि समोर बसून वाचून दाखवा. यातून त्यांच्या मुलाला उपचार मिळणार नाहीये हे पण त्याच बैठकीत सांगायचं, कारण स्टेम सेल म्हटलं की लोकांच्या मनात लगेच आशा उभी राहते.

पहिल्यांदाच करत असाल तर पेशंटची लाइन घेऊच नका. चांगली तपासलेली, नॉर्मल माणसाची आयपीएससी (साध्या सेल्स परत स्टेम सेल अवस्थेत नेऊन बनवलेली) लाइन घ्या आणि तिच्यावर हात बसवा.

सेल्स चांगल्या नसतील तर थांबा

यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या सेल्स परत स्टेम सेल अवस्थेत नेऊन दाखवल्या, त्यामुळे आज आयपीएससी मिळणं सोपं झालंय, पण त्या चांगल्या ठेवणं सोपं नाही. कॉलनी दाट, चपट्या, कडा स्वच्छ, आतल्या सेल्सचा न्यूक्लियस मोठा आणि न्यूक्लिओलस ठळक, असं दिसायला हवं. कडेने पसरलेल्या, लांबुळक्या, सुट्या सेल्स दिसल्या म्हणजे तिथे आपोआप डिफरन्सिएशन सुरू झालंय. असा भाग थोडाच असेल तर पॅसेजच्या आधी टिपने खरवडून काढता येतो, पण बऱ्यापैकी पसरला असेल तर त्या प्लेटवरून ऑर्गनॉइड सुरू करू नका, पुढच्या पॅसेजची वाट बघा.

तीन टेस्ट चुकवायच्या नाहीत. मायकोप्लाझ्माची पीसीआर, दर महिन्याला. कॅरिओटाइप, कारण कल्चरमध्ये राहून राहून या सेल्स क्रोमोसोम १, १२, १७, २० आणि एक्समध्ये वाढीव तुकडे घेतात, विशेषतः २०क्यू११.२१ हा भाग, आणि हा तुकडा इतका छोटा असतो की साध्या जी-बँडिंगमध्ये सुटून जातो, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी क्यूपीसीआर किंवा अ‍ॅरे करावी लागते. अशा सेल्स दिसायला उलट जास्त तरतरीत दिसतात, भराभर वाढतात, आणि म्हणूनच फसवतात. तिसरी म्हणजे ऑक्ट४, नॅनॉग, ट्रा-१-६० या स्टेम सेलच्या खुणांचं स्टेनिंग किंवा फ्लो.

फ्रीजरमधून काढल्यावर किमान दोन पॅसेज होऊ द्या. मॅट्रिजेल कोटिंगवर एमटीसर किंवा ई८ मीडियात, रोज मीडिया बदलून, ०.५ मिलीमोलर ईडीटीएने छोट्या गुठळ्यांमध्ये पॅसेज करत. सुरू करायच्या दिवशी प्लेट ७० ते ८० टक्के भरलेली असावी, त्याच्या पुढे गेली की कॉलनीच्या मधल्या सेल्स बिघडायला लागतात.

सामानाचं पण आत्ताच बघून घ्या. बी२७, एन२, मॅट्रिजेल, लो-अटॅचमेंट प्लेट्स हे बहुतेक सगळं बाहेरून येतं, ऑर्डर दिल्यापासून हातात पडायला आठवडे लागतात आणि ऑर्गनॉइड काही तुमच्यासाठी थांबत नाहीत. पूर्ण बॅचला, म्हणजे कमीत कमी तीन महिन्यांना पुरेल एवढं सामान, शक्यतो एकाच लॉटचं, आधी फ्रीजमध्ये आलेलं असेल तेव्हाच दिवस शून्य ठरवा. आणि इनक्युबेटर बॅकअपवर आहे ना, लाइट गेल्यावर जनरेटर लागेपर्यंतच्या मधल्या वेळात यूपीएस धरतं ना, हे कुणाच्या तरी तोंडी शब्दावर न ठेवता स्वतः मेन स्विच बंद करून बघा, अर्थात आत सेल्स नसताना.

दिवस शून्य: गोळा बांधणं

सेल्स पीबीएसने धुवा, ईडीटीए चार मिनिटं, मग अ‍ॅक्युटेज चार मिनिटं, हलक्या हाताने पिपेट करून सुट्या सुट्या करा. माणसाच्या स्टेम सेल्स एकएकट्या झाल्या की मरतात, म्हणून यापुढे मीडियात रॉक इनहिबिटर, म्हणजे वाय-२७६३२, असलाच पाहिजे. मूळ प्रोटोकॉलमध्ये तो ५० मायक्रोमोलर आहे, तयार किटमध्ये १० असतो, तुम्ही ज्या पद्धतीने जाताय तिचाच आकडा धरा, दोन्हीची सरमिसळ नको.

२०० ते २७० जी वर पाच मिनिटं स्पिन, मीडियात परत मिसळा, ट्रायपॅन ब्लू घालून मोजा. जिवंत सेल्स ९० टक्क्यांच्या खाली असतील तर पुढे जाऊ नका, मेलेल्या सेल्सचा कचरा गोळ्यात अडकतो आणि कडा कधीच स्वच्छ होत नाही. आता हिशोब: एका वेलमध्ये ९,००० जिवंत सेल्स १५० मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे पूर्ण ९६ वेलच्या प्लेटला ९ लाख सेल्स १५ मिलिलिटरमध्ये, म्हणजेच मिलिलिटरला ६०,०००. प्लेट यू आकाराच्या तळाची आणि अल्ट्रा-लो अटॅचमेंटवालीच हवी. भरताना ट्यूब मधून मधून उलटीपालटी करत राहा, सेल्स खाली बसतात आणि मग शेवटच्या ओळीत पहिल्या ओळीपेक्षा दुप्पट सेल्स जातात, गोळे लहानमोठे होण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं.

मीडिया म्हणजे मूळ पद्धतीत डीएमईएम/एफ-१२ मध्ये २० टक्के नॉकआउट सीरम रिप्लेसमेंट, ३ टक्के स्टेम सेल क्वालिटीचं एफबीएस, ग्लुटामॅक्स, नॉन-इसेन्शियल अमिनो अ‍ॅसिड, आणि बीएफजीएफ फक्त ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, नेहमीपेक्षा मुद्दाम कमी. फीडरशिवाय वाढवणारे बरेच जण थेट एमटीसरमध्येच गोळे बांधतात, तेही चालतं.

चोवीस तासांनी बघा. वेलच्या तळाला एक गोल, जरा खडबडीत गोळा आणि आजूबाजूला मेलेल्या सेल्सचं कडं दिसेल, त्याने घाबरू नका, थोड्या सेल्स मरतातच. पण एका वेलमध्ये दोन-तीन छोटे गोळे असतील, किंवा गोळाच न होता भुसभुशीत ढीग असेल, तर त्या वेलवर आत्ताच फुली मारा. तिसऱ्या दिवशी साधारण अर्धं मीडिया हळूच काढून ताजं १५० मायक्रोलिटर घाला. गोळा ३५० मायक्रोमीटरच्या पुढे गेला की बीएफजीएफ आणि रॉक इनहिबिटर दोन्ही बंद.

रोज एक फोटो काढा, त्याच वेलचा, त्याच मॅग्निफिकेशनवर, त्याच एक्स्पोजरला. हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण दोन महिन्यांनी एखादा ऑर्गनॉइड वेगळा निघाला की तो चौथ्या दिवशी कसा होता हे बघायला दुसरा कुठलाही मार्ग नसतो.

पाचवा-सहावा दिवस: न्यूरल इंडक्शन

गोळा ४०० ते ६०० मायक्रोमीटरचा झाला, कडा गुळगुळीत झाली आणि फेज कॉन्ट्रास्टखाली ती कडा जराशी उजळ दिसायला लागली की न्यूरल इंडक्शन मीडियात न्यायचं. कॅलेंडर बघून नाही, गोळा बघून. पाचव्या दिवशी तयार असेल तर पाचव्या, नसेल तर सहाव्या.

१०० मिलिलिटर मीडियासाठी डीएमईएम/एफ-१२ मध्ये १ मिलिलिटर एन२, १ मिलिलिटर ग्लुटामॅक्स, १ मिलिलिटर नॉन-इसेन्शियल अमिनो अ‍ॅसिड, आणि १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या हेपॅरिन स्टॉकमधलं १०० मायक्रोलिटर. २४ वेलच्या लो-अटॅचमेंट प्लेटमध्ये वेलला ५०० मायक्रोलिटर आणि एक गोळा. उचलताना २०० मायक्रोलिटरच्या टिपचं टोक निर्जंतुक कात्रीने कापून तोंड रुंद करा, दीड-दोन मिलिमीटर, नाहीतर गोळा टिपमध्ये शिरताना चिरडतो. दोन दिवसांनी अजून ५०० मायक्रोलिटर घाला.

आता इथून पुढचे चार-पाच दिवस म्हणजे या सगळ्या कामाचा गाभा, आणि इथेच नजर तयार होते. या मीडियात वाढीला धरून ठेवणारं सीरम नाही, मेसोडर्म-एन्डोडर्मकडे ढकलणारं काही नाही, त्यामुळे गोळ्याच्या बाहेरच्या सेल्स आपसूक न्यूरोएक्टोडर्मकडे, म्हणजे ज्यातून मज्जासंस्था बनते त्या थराकडे, वळतात. ते दिसतं कसं, तर बाहेरच्या कडेला एक अर्धपारदर्शक, उजळ पट्टा येतो, आणि नीट फोकस केलं तर त्या पट्ट्यात सेल्स उभ्या, केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या रेषांमध्ये लागलेल्या दिसतात. हाच न्यूरोएपिथेलियम. आतला भाग काळसर राहील, तो राहू द्या. पट्टा पूर्ण गोल फिरलेला असेल तर उत्तम, निम्म्याहून जास्त कडेला असेल तरी घ्या. पण कडा काळी आणि दाणेदारच राहिली, किंवा गोळ्यातून पातळ पाण्याच्या फुग्यासारखे सिस्ट बाहेर आले, किंवा कडेवर रेषाच नाहीत, तर तो गोळा पुढे नेऊ नका.

इथे सगळ्यांचा हात जड होतो. निम्मी प्लेट टाकून द्यायची म्हणजे जिवावर येतं, मीडिया महाग, वेळ गेलेला, आणि वाटतं की मॅट्रिजेलमध्ये गेला की सुधारेल. सुधारत नाही. जो गोळा अकराव्या दिवशी न्यूरोएपिथेलियम दाखवत नाही तो साठाव्या दिवशी कॉर्टेक्स दाखवणार नाही, मधले पन्नास दिवस फक्त मीडिया पिणार. म्हणून निकष आधीच वहीत लिहून ठेवा, शक्यतो नमुना फोटो चिकटवून, आणि कुठला गोळा पेशंटचा आणि कुठला कंट्रोलचा हे माहीत नसलेल्या माणसाकडून निवड करून घ्या. नाहीतर नकळत कंट्रोलचे देखणे आणि पेशंटचे मरतुकडे निवडले जातात आणि तुमचा रिझल्ट त्या निवडीतूनच तयार होतो.

दहावा-अकरावा दिवस: मॅट्रिजेल

मॅट्रिजेल म्हणजे उंदराच्या एका ट्यूमरपासून काढलेलं लॅमिनिन, कोलॅजन वगैरेंचं मिश्रण, थंड असताना पातळ आणि १० डिग्रीच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये ४ डिग्रीला बर्फातच ठेवून वितळवा, टिप्स पण थंड करा, आणि एसीच्या खोलीतसुद्धा बर्फाच्या बाहेर काढू नका.

पॅराफिल्मचा चौकोन २०० मायक्रोलिटर टिप्सच्या रिकाम्या रॅकवर ठेवून ग्लोव्ह घातलेल्या बोटाने प्रत्येक भोकावर हलकं दाबा, चार बाय चारच्या सोळा खळ्या तयार होतात. ७० टक्के अल्कोहोल मारा, हूडमध्ये अर्धा तास यूव्ही. मग कापलेल्या टिपने प्रत्येक खळीत एक गोळा सोडा, आजूबाजूचं मीडिया बारीक टिपने शक्य तेवढं ओढून घ्या, आणि लगेच ३० मायक्रोलिटर मॅट्रिजेलचा थेंब टाका. दहा मायक्रोलिटरच्या टिपने गोळा थेंबाच्या मधोमध ढकला. तो कडेला राहिला तर एका बाजूने उघडा पडतो आणि तिकडूनच सेल्स पळायला लागतात. ३७ डिग्रीला २० ते ३० मिनिटं ठेवा, मग पॅराफिल्म उलटी धरून मीडियाच्या धारेने थेंब ६ सेंटीमीटरच्या डिशमध्ये उतरवा. सगळं भरभर करायचं, एका वेळी सोळाच घ्या, ९६ गोळे एकदम बाहेर काढून बसू नका.

मीडिया आता बदललं. २५० मिलिलिटरसाठी: डीएमईएम/एफ-१२ आणि न्यूरोबेसल प्रत्येकी १२५, एन२ १.२५ मिलिलिटर, व्हिटॅमिन ए नसलेलं बी२७ २.५ मिलिलिटर, ग्लुटामॅक्स २.५, नॉन-इसेन्शियल अमिनो अ‍ॅसिड १.२५, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन २.५, इन्सुलिन ६२.५ मायक्रोलिटर, आणि शंभरपट पातळ केलेलं मरकॅप्टोइथेनॉल ८७.५ मायक्रोलिटर. फिल्टर करा, ४ डिग्रीला ठेवा, दोन आठवड्यांत संपवा.

चार दिवस डिश अजिबात न हलवता ठेवायची, मधे एकदा मीडिया बदलून. या चार दिवसांत न्यूरोएपिथेलियम फुगतो, गोल गोल कळ्या बाहेर येतात आणि त्यांच्या आत द्रवाने भरलेली पोकळी दिसते, विकसित होणाऱ्या मेंदूतल्या व्हेंट्रिकलची ही सुरुवात. मी हे कितीही वेळा बघितलं तरी थांबून बघतो. बाहेरून कुणी सांगितलेलं नसताना या सेल्स आत-बाहेर, वर-खाली ठरवतात आणि पोकळीभोवती रांगेत उभ्या राहतात, हे डोळ्यांसमोर घडताना बघायला मिळणं खरोखर मोठी गोष्ट आहे. कळ्यांऐवजी बारीक तंतू सगळीकडे पसरत असतील तर मात्र तो गोळा वेळेआधीच न्यूरॉन बनवायला लागलाय किंवा उशिरा एम्बेड झालाय.

शेकर आणि पुढचे महिने

साधारण पंधराव्या दिवशी व्हिटॅमिन ए असलेल्या बी२७ च्या मीडियात घालून इनक्युबेटरमधल्या ऑर्बिटल शेकरवर, ८५ आरपीएम. हा आकडा मूळ प्रोटोकॉलचा, पण शेकरच्या फिरण्याचा व्यास वेगळा असेल तर तोच आरपीएम वेगळा झटका देतो, तेव्हा आकड्यापेक्षा हे बघा की ऑर्गनॉइड तळाला बसत नाहीत आणि एकमेकांवर आपटतही नाहीत. शेकर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड सहन करणारा हवा, साधा शेकर आत ठेवला तर गंजतो आणि मोटरची उष्णता आतलं तापमान वाढवते. आयपीएससीच्या प्लेट्स त्याच इनक्युबेटरमध्ये ठेवू नका, कंपनं त्यांना मानवत नाहीत.

मीडिया दर तीन-चार दिवसांनी. पिवळं पडत असेल तर लवकर बदला किंवा डिशमध्ये ऑर्गनॉइड कमी करा. दोन चिकटायला लागले तर लगेच वेगळे करा. दोन महिन्यांत ते चार मिलिमीटरपर्यंत, मसुराच्या दाण्याएवढे होतात, आणि मग वाढ थांबते, कारण आत रक्तवाहिन्या नाहीत, ऑक्सिजन आणि अन्न मध्यापर्यंत पोचत नाही, मधला भाग मरतो. मधलं हे मेलेलं केंद्र जवळजवळ प्रत्येक मोठ्या ऑर्गनॉइडमध्ये असतं, ते लपवायचं नाही, मोजायचं आणि लिहायचं. मायक्रोग्लिया पण यात आपसूक येतीलच असं धरू नका, त्या मेंदूच्या बाहेरून, मेसोडर्ममधून येणाऱ्या सेल्स आहेत.

काही ऑर्गनॉइडवर काळे ठिपके दिसतील, ते बहुधा फंगस नसून रेटिनाचा पिगमेंट असलेला थर असतो, या पद्धतीत तो अधूनमधून येतोच. खरं फंगस मात्र पावसाळ्यात हमखास डोकं वर काढतं. इनक्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला, प्लेट हूडमधून बाहेर नेताना अल्कोहोलने पुसा, आणि एका डिशमध्ये धागा दिसला की ती डिश न उघडता बाहेर, औषध घालून वाचवत बसू नका, बाकीच्या डिशेसचा जीव धोक्यात जातो.

इथे एक निवड आहे ती पण सांगतो. या पद्धतीत ऑर्गनॉइड स्वतःच ठरवतो की कॉर्टेक्स किती, कोरॉइड प्लेक्सस किती, रेटिना किती, त्यामुळे विविधता मिळते पण दोन ऑर्गनॉइड सारखे नसतात. तुमचा प्रश्न फक्त कॉर्टेक्सचा असेल तर गाइडेड पद्धत घ्या. स्टॅनफर्डच्या सर्ज्यु पास्का यांच्या गटाची २०१५ ची पद्धत अशीच आहे, सुरुवातीला डॉर्सोमॉर्फिन आणि एसबी-४३१५४२ ने स्मॅड सिग्नलचे दोन्ही मार्ग बंद करायचे, मग ईजीएफ आणि एफजीएफ२, मग बीडीएनएफ आणि एनटी३, आणि मॅट्रिजेल लागतच नाही. पाओला आर्लोटा यांच्या गटाने २०१९ मध्ये गाइडेड पद्धतीने वाढवलेले २१ ऑर्गनॉइड एकेक करून सिंगल सेल सिक्वेन्सिंगने तपासले आणि ९५ टक्के ऑर्गनॉइडमध्ये जवळजवळ सारखेच सेल टाइप निघाले. नवख्या माणसाला मी आज गाइडेडच सुचवेन, पण न्यूरोएपिथेलियम ओळखायची नजर मात्र लँकेस्टर पद्धतीवरच तयार होते असं माझं ठाम मत आहे.

आत काय आहे ते बघणं

पहिला सेक्शन तिसाव्या दिवसाच्या आसपास करा, दोन-तीन महिने वाट बघत बसू नका. ४ टक्के पीएफएमध्ये ४ डिग्रीला फिक्स, लहान ऑर्गनॉइडला कमी वेळ, मोठ्याला रात्रभर, पीबीएसचे तीन वॉश, ३० टक्के सुक्रोजमध्ये तळाला बसेपर्यंत, मग जिलेटिन-सुक्रोजमध्ये बसवून फ्रीझ आणि क्रायोस्टॅटवर २० मायक्रोमीटरचे सेक्शन. नुसत्या ओसीटीपेक्षा जिलेटिनमध्ये पोकळ्यांचा आकार जास्त चांगला टिकतो.

पहिल्या फेरीत प्रोजेनिटरची खूण सॉक्स२ आणि न्यूरॉनची खूण टुज१ एकत्र लावा. पोकळीभोवती सॉक्स२ च्या सेल्सचा जाड पट्टा आणि त्याच्या बाहेर टुज१ चे न्यूरॉन, अशी मांडणी दिसली तर ऑर्गनॉइड बरोबर चाललाय. दोन्ही सगळीकडे विखुरलेले असतील तर सेल टाइप आहेत पण रचना नाही, आणि रचना नसेल तर न्यूरल डेव्हलपमेंटचा अभ्यास कसला. पुढच्या फेरीत फोरब्रेनसाठी फॉक्सजी१, रेडियल ग्लियासाठी पॅक्स६, मधल्या प्रोजेनिटरसाठी टीबीआर२, खालच्या थराच्या न्यूरॉनसाठी सीटिप२ आणि टीबीआर१, आणि वरच्या थराचा सॅटबी२, पण त्याच्यासाठी दोन-अडीच महिने तरी जाऊ द्या, आधी खालचे थर बनतात मग वरचे. पोकळीच्या बाजूला एन-कॅडहेरिनची अखंड रेघ हवी. मरणाऱ्या सेल्स दाखवणारं क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ लावल्याशिवाय कुठल्याही "प्रोजेनिटर कमी झाल्या" या निष्कर्षावर विश्वास ठेवू नका, कमी बनल्या का बनून मेल्या हे त्याच्याशिवाय कळत नाही.

आणि हे जे दिसतंय ते मोठ्या माणसाच्या मेंदूशी जुळवू नका. अनेक गटांच्या जीन एक्स्प्रेशनच्या कामात हे ऑर्गनॉइड गर्भातल्या मेंदूशी जुळतात. २०२० मध्ये अपर्णा भादुरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑर्गनॉइडमधल्या सेल्स स्ट्रेसखाली असतात आणि त्यामुळे त्यांची ओळख पूर्ण पक्की होत नाही, तेव्हा तुमच्या डेटात स्ट्रेसचे जीन वर दिसले तर तो लगेच आजाराचा परिणाम समजू नका, कंट्रोलमध्येही तेवढेच वर आहेत का ते आधी तपासा.

मोजायचं काय

एका बॅचमधले चाळीस ऑर्गनॉइड म्हणजे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) चाळीस नाही. ते एकाच दिवशी, एकाच मॅट्रिजेलमध्ये, एकाच हाताने बनलेत, त्यांचं नशीब एकत्र बांधलेलं आहे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजपासून सुरू केलेल्या किमान तीन बॅच हव्यात, आणि पेशंटचा प्रश्न असेल तर एकापेक्षा जास्त लाइन. जमत असेल तर क्रिस्परने पेशंटचा बिघाड दुरुस्त केलेली आयसोजेनिक लाइन कंट्रोल म्हणून घ्या, कारण दोन वेगळ्या माणसांच्या ऑर्गनॉइडमध्ये आजार नसतानाही बराच फरक असतो. कंट्रोल आणि पेशंट नेहमी त्याच दिवशी, त्याच प्लेटवर बांधा, आणि कडेच्या वेल्समध्ये नुसतं पीबीएस भरा, तिथे बाष्पीभवन जास्त होतं.

वहीत प्रत्येक बॅचसमोर लिहा: पॅसेज नंबर, सुरुवातीची व्हायबिलिटी, मॅट्रिजेल आणि बी२७ चा लॉट, किती गोळे बांधले, कितव्या दिवशी किती टाकले आणि का टाकले, शेवटी किती सेक्शन झाले. पेपर लिहिताना हे सगळे आकडे द्या, टाकलेल्यांचेही.

चार महिन्यांच्या पुढे न्यूरॉनचं दाट, जिवंत आणि लांब अ‍ॅक्सॉनवालं नेटवर्क हवं असेल तर पूर्ण गोळा तसाच ठेवण्यापेक्षा त्याचे व्हायब्रेटोमवर ३०० मायक्रोमीटरचे काप करून ते हवा आणि मीडियाच्या सीमेवर, कल्चर इन्सर्टच्या पडद्यावर ठेवा. लँकेस्टर यांच्या केंब्रिजमधल्या गटाने २०१९ मध्ये ही पद्धत दिली. खालून मीडिया, वरून ऑक्सिजन मिळाल्यामुळे मधलं मेलेलं केंद्र टळतं आणि अ‍ॅक्सॉन जाड जुडग्यांमध्ये वाढतात. काप करण्याआधी ऑर्गनॉइड कमी तापमानाला वितळणाऱ्या अ‍ॅगरोजमध्ये बसवा, अ‍ॅगरोज ओतताना ते ४० डिग्रीच्या खाली आलंय याची खात्री करा, आणि प्रत्येक ऑर्गनॉइडचा निदान एक काप त्याच दिवशी फिक्स करून ठेवा, म्हणजे पुढे रेकॉर्डिंगमध्ये जे दिसेल ते सुरुवातीच्या कुठल्या ऊतीतून आलं हे दाखवता येईल.